चौथं पान वाचायचं राहिलं

घरात तिला सगळे वकीलीण म्हणायचे. चांगलं नाव होतं तिला, पण ते हजेरीपटापुरतंच. आंघोळीला आधी कोण जाणार इथपासून ते पंखा कितीवर ठेवायचा इथपर्यंत घरातला प्रत्येक खटला ती लढवायची आणि बहुतेक जिंकायचीही. बाबा बस चालवायचे. दिवसभर हॉर्न ऐकून कान किटलेले असायचे त्यांचे. ताटावर बसता बसता हात जोडून म्हणायचे, "वकीलसाहेब, आता कोर्ट उठू द्या. अशिलाला भूक लागलीय."

नववीच्या त्या वर्षी तर विचारूच नका. शाळाशाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर! ढाल घरी आली, टीव्हीशेजारी बसली, आणि त्या दिवसापासून वकीलीण जमिनीपासून चार बोटं वरून चालायला लागली. शाळेतल्या बाईंचे नियम तिला तोंडपाठ होते. सुरुवात दणक्यात करायची, मध्ये दोन सुविचार पेरायचे, आणि मुख्य मुद्दा अगदी शेवटी काढायचा. टाळ्या शेवटालाच पडतात.

आई शिवणकाम करायची. पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग, जो कधी संपलाच नाही. आई कमी बोलायची. तोंडात टाचण्या धरायची सवय होती ना, त्यामुळे बोलायचं म्हटलं की आधी टाचण्या काढाव्या लागायच्या, आणि तेवढ्यात बाकीच्यांचं बोलून व्हायचं.

आणि हो, आई मेंबर होती. नगरपालिकेची.

त्याचं असं झालं. मोठे काका पंधरा वर्षं वॉर्डाचे मेंबर. मग वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. काकांनी एक दिवस उसासे टाकले, दुसऱ्या दिवशी घरातल्या बायका मोजल्या. दोनच निघाल्या. काकूंचे गुडघे दुखायचे. एकीला उभं राहवत नव्हतं म्हणून दुसरी उभी राहिली, असं बाबा म्हणायचे, आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसायचे की पाणी द्यावं लागायचं.

सभा असली की आई पदराआड नाही, पण शांततेआड बसायची. काका मागे लोकांसाठीच्या बाकांवर. त्या दोघांचं ठरलेलं होतं. काकांनी चष्मा काढला की आईने हात वर करायचा. चष्मा डोळ्यांवर असला तर हात मांडीवर. दोन वर्षं ही गाडी बिनबोभाट चालली. एकदा तर काकांच्या डोळ्यात कचरा गेला, त्यांनी चष्मा काढून डोळा चोळला, आणि भलताच ठराव आईच्या मताने मंजूर झाला. यावरही घरात खूप हसून झालं होतं. आई हसली नव्हती. पण ते तेव्हा कुणी पाहिलं नाही. वकिलीणीनेही नाही.

तर त्या वर्षी नव्या मंडईचा नकाशा आला.

एरवी सभेची कागदपत्रं काकांकडे जायची आणि सहीपुरती आईकडे यायची. या खेपेला काका बाहेरगावी, म्हणून शिपाई पाकीट थेट घरी टाकून गेला. आईने ते कापायच्या टेबलावर उघडलं. नकाशा अंथरला. आता तुमच्या-माझ्यासारख्याला त्यात नुसत्या रेघोट्या दिसल्या असत्या. पण आईचा जन्म कागदावर बेतण्यात गेलेला. कागदावरची रेघ उद्या अंगावर कुठे बसणार, कुठे काचणार, हे तिला बघताक्षणी कळायचं. ती तासभर त्या कागदावर वाकून होती. मग टाचण्या तोंडातून काढल्या आणि म्हणाली, "हा ओटा कुणाच्या अंगाचा बेतलाय?"

वकीलीण गृहपाठ करत होती. "कुठला ओटा?"

"माल मांडून मागे उभं राहून विकायचा. बेचाळीस इंच उंच आहे. म्हणजे..." आई उभी राहिली आणि तिने स्वतःच्या छातीच्या जरा खाली हात आडवा धरला. "इथे. इथे तराजू ठेवून दिवसभर कोण तोलणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आई टेप घेऊन मंडईत गेली. मंडई म्हणजे तेव्हा उघड्यावरच. बायका जमिनीवर पोतं टाकून बसायच्या. आईने एकेकीला उभं करून माप घ्यायला सुरुवात केली. जमिनीपासून कोपर किती. बसल्यावर हात कुठवर पोचतो. पाटी उचलून किती उंचावर ठेवता येते. बायकांना तर करमणूकच झाली.

"मेंबरबाई, शिवताय काय आम्हाला?" कांदेवाली ओरडली. ती मंडईची म्होरकी. आवाज असा की चार गल्ल्यांपलीकडचा कुत्रा उठून बसावा.

"ओटा शिवतेय तुमच्या मापाचा," आई म्हणाली.

"मग जरा सैल ठेवा, पावसाळ्यात मी फुगते!"

तीन आठवडे आई जात राहिली. त्रेचाळीस बायकांची मापं घेतली. गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीतच मागच्या बाजूने लिहिली. आणि मापं घेता घेता तिला आणखी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे तो बेचाळीस इंचांचा आकडा आला कुठून. टेम्पोचा मागचा फाळका उघडला की त्याची उंची बरोब्बर तेवढीच भरायची. घाऊक व्यापाऱ्यांची पोती टेम्पोतून थेट ओट्यावर सरकवता यावीत म्हणून ओटा टेम्पोच्या मापाने बेतला होता. त्यामागे उभी राहणारी बाई कुणी मोजलीच नव्हती. आणि दुसरं, बायकांचा संडास वरच्या मजल्यावर, गोदामांच्या मागे. खाली जिन्याशी पहारेकऱ्याची खोली. माल सोडून कोण बाई दोन जिने चढणार?

काका परत आले तेव्हा आईने सांगून टाकलं, "भावोजी, मंडईच्या विषयावर मी बोलणार आहे."

काकांनी चहाचा कप अर्ध्यावर थांबवला. वकिलीणीला वाटलं, आता होतंय महाभारत. पण काका गोड हसले. "बोल की! कोण अडवतंय? दोन वर्षांनी का होईना, तोंड उघडशील. फक्त एक कर, चांगलं बोल. पाच मिनिटं मिळतात, मग घंटा होते. अडखळलीस तर लोक तुला नाही हसायचे, मला हसतील. कुणाकडून तरी लिहून घे."

"कुणाकडून कशाला?" वकीलीण उडीच मारून उभी राहिली. "मी आहे ना!"

आईचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! जगातला सगळ्यात मोठा वकील तिला फुकटात मिळाला होता.

संध्याकाळी दोघी टेबलापाशी बसल्या. आईने वही उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "कांदेवाली, कोपर सदतीस. अंडीवाली, कोपर पस्तीस, डावा खांदा दुखतो, हात वर जात नाही. लिंबूवाली, चौतीस, ती ठेंगणीच आहे. भाजीवाली पोटुशी..."

वकीलीण खळखळून हसली. "अगं आई! हे भाषण आहे की शिंप्याचं बिल?"

आईचं बोट तिथेच थांबलं. "मग कसं म्हणायचं?"

"तू नुसती मापं वाचलीस ना, तर सगळे झोपतील. आधी त्यांना हलवायला पाहिजे. स्त्री म्हणजे काय, तिचे हक्क, तिचा सन्मान. मग एकदम शेवटी ही मापं काढायची, धाडकन! अख्खी सभा उठून उभी राहील, बघ तू."

"पण मला तर मापंच सांगायची आहेत."

"शेवटी आहेत ना ती! तुला भाषणातलं कळतं की मला?"

आता हे वाक्य तिने काही उर्मटपणे म्हटलं नव्हतं. लाडातच म्हटलं होतं. ढाल टीव्हीशेजारी चमकत होती, आणि आई त्या ढालीकडे बघून म्हणाली, "तुलाच कळतं, बाई." आणि तिने वही मिटली.

वकिलीणीने चार पानं लिहिली. काय लिहिली होती म्हणता! पहिल्या पानावर स्त्री ही समाजरथाचं दुसरं चाक होती. दुसऱ्यावर ती कधी ज्योत होती, कधी ज्वाला. तिसऱ्या पानावर इतिहास उजाडला होता आणि अंधाराच्या बेड्या खळाखळा तुटत होत्या. आणि चौथ्या पानावर मापं. ओट्याची पुढची बाजू तीस इंच ठेवा, मागची बेचाळीस राहू द्या, म्हणजे टेम्पोचंही भागेल आणि बायकांचंही. पहारेकऱ्याची खोली वर न्या, बायकांचा संडास खाली आणा, दोन खोल्यांची नुसती अदलाबदल. हा तोडगा आईचाच. त्याला एक वीटही जास्त लागणार नव्हती. एकाच कापडात दोन्ही बसवलं होतं तिने.

मग वकिलीणीने आरशासमोर उभं राहून घड्याळ लावून सगळं वाचून पाहिलं. चार मिनिटं चाळीस सेकंद! वीस सेकंद शिल्लक, टाळ्यांसाठी. तिने स्वतःलाच शाबासकी दिली.

आणि घोड्याने पेंड खाल्ली ती इथे. तिने वाचलं ते स्वतःच्या तोंडाने. आईच्या तोंडाने वाचून पाहिलंच नाही. आईला वाचायला द्यायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. आईने दोनदा मागितलं, "दे गं, एकदा नजरेखालून घालते," तर ही म्हणाली, "थांब, सुवाच्य करते." सुवाच्य करता करता आणखी दोन विशेषणं घातली. कागद आईच्या हातात पडले ते सभेच्या दिवशी सकाळी, मशीनवर दोन गणवेश अर्धवट असताना.

सभागृह म्हणजे काही राजवाडा नव्हता. लांबट खोली, भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो, सगळ्यांच्या मिशा एकाच न्हाव्याने राखल्यासारख्या. अठरा खुर्च्या. त्यांत सहा बायका, त्याही एका कडेला, घट्ट ओळीने. वकीलीण त्या दिवशी शाळेला दांडी मारून मागच्या बाकावर येऊन बसली होती, काकांच्या शेजारी. आईने चांगले कपडे घातले होते, स्वतः शिवलेले. हातात चार पानं. ती उभी राहिली तेव्हा अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अरे वा! वहिनी बोलणार? बोला, बोला. घड्याळ लावा रे."

आई वाचायला लागली. बोट ठेवून. "स्त्री ही... समाज... समाजरथाचे..."

आईला वाचता येत नव्हतं असं नाही. रोजचा पेपर वाचायची ती. पण दुसऱ्याची भली मोठी वाक्यं, त्यांत ते जोडशब्द, आणि समोर बारा पुरुष हनुवटीखाली हात ठेवून बसलेले! ती प्रत्येक शब्द असा उचलत होती जसा बाजारात पारखून घेतात, आणि पारखून झाल्यावर ठेवत होती. पहिल्या पानाला दोन मिनिटं गेली. वकीलीण बाकावर पुढे सरकली. तिचे ओठ आईच्या पुढे धावत होते. "ज्योत... ज्वाला... चल ना आई, चल ना!" दुसरं पान. "कधी ती ज्योत होते, तर कधी ज्वाला" म्हटल्यावर कुणीतरी "वा!" म्हणालं. दोघा-तिघांनी बाकं वाजवली. आणि हे खोटं नाही सांगत, त्या क्षणी वकिलीणीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. तिचं वाक्य! नगरपालिकेत! ती आईची गती विसरली, घड्याळ विसरली. ती शेजारच्या माणसाला सांगणारच होती की हे मी लिहिलंय.

तिसरं पान अर्ध्यावर होतं, अंधाराच्या बेड्या तुटायच्या बेतात होत्या, आणि घंटा झाली.

आई थांबली. तिने मान वर केली. "अजून एक पान आहे," ती म्हणाली. पण हळू.

"फार सुंदर बोललात वहिनी!" अध्यक्ष मोठ्याने म्हणाले. "डोळे उघडलेत आमचे. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. चांगल्या दणदणीत झाल्या. बारा पुरुषांनी वाजवल्या, नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरने वाजवल्या, काकांनी तर उभं राहून वाजवल्या. आणि वकिलीणीने? तिनेही वाजवल्या. सगळ्यात जोरात. हात लाल होईपर्यंत.

पुढे कितीही वेळा तिने तो दिवस आठवला, तरी बाकी सगळं पुसट व्हायचं आणि तिला स्वतःच्या तळहातांचा तो आवाज तेवढा ऐकू यायचा.

"तर मंडईचा नकाशा. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले. काकांनी सवयीने चष्मा काढला. आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती कागद उलटेपालटे करून चौथं पान शोधत होती, आणि ते सापडलं तेव्हा तिने ते वर धरलं. सगळ्यांना दिसावं म्हणून धरलं. कारकुनाने तो हात मोजला.

"विरोधात कुणी? नाही. एकमताने मंजूर. पुढचा विषय, मोकाट कुत्री."

घरी त्या दोघी चालतच निघाल्या. वकीलीण बडबडत होती. "आई, तू बघितलंस ना ज्वालेला बाकं वाजवली ते? आणि त्यांचे डोळे उघडले म्हणाले! नुसती सुरुवात आहे ही..."

"चौथं पान राहिलं," आई म्हणाली.

वकीलीण चालता चालता थांबली. आधी तिला कळेचना. मग कळलं. विशेषणांचं अख्खं दुकान होतं तिच्याकडे, पण याला लावायला एकही सापडेना.

"अगं, मग तू मध्येच सांगायचंस ना! कागद ठेवून द्यायचे आणि बोलायचं!"

"मला वाटलं, तुझ्या हिशेबात असेल काहीतरी. तू म्हणालीस ना, शेवटी धाडकन."

"पण समज, कागद नसता, तर तू काय बोलली असतीस?"

आई चालत राहिली. औषधांच्या दुकानापाशी तिने बोलायला सुरुवात केली, अगदी रोजच्या आवाजात, मशीनवर बसून शेजारणीला सांगावं तशी. "मी म्हटलं असतं, साहेब, मी शिंपीण. कपडा माणसावर बेततात, कपड्यावर माणूस नाही बेतत. तुमचा ओटा टेम्पोच्या मापाचा आहे. मी त्रेचाळीस बायका मोजल्या, एकीचंही कोपर तिथवर पोचत नाही. हवं तर अंडीवालीला बोलावते, तुमच्यासमोर उभी करते. पुढून बारा इंच खाली घ्या. आणि ती पहारेकऱ्याची खोली आणि बायकांचा संडास, दोन्हींची अदलाबदल करा. गडी माणूस जिना चढेल, पोटुशी नाही चढायची. एवढंच. बसले असते खाली."

कोपऱ्यावरचा खांब आला होता. औषधांच्या दुकानापासून त्या खांबापर्यंत किती वेळ लागतो, हे वकिलीणीला पक्कं माहीत होतं. रोज शाळेत जाताना ती तो रस्ता मोजून धावायची. एक मिनिटही नाही. आईने सगळं एका मिनिटात सांगितलं होतं, एकाही शब्दाला न अडखळता. आणि ऐकायला रस्त्यावर होतं कोण, तर एक नववीतली मुलगी, जिच्या मताला नगरपालिकेत काडीची किंमत नव्हती.

मग सुरू झालं वरातीमागून घोडं. दुसऱ्या दिवशी वकीलीण शाळेतून थेट कारकुनाकडे गेली आणि चौथं पान त्याच्या टेबलावर आपटलं. कारकून भला माणूस. त्याने ते सगळं वाचलं आणि डोकं खाजवलं. "मुद्दा बरोबर आहे गं. पण ठराव झालाय, तोही एकमताने. पुन्हा उघडायचा तर सहा मेंबरांच्या सह्या लागतात, पंधरा दिवसांच्या आत."

सहा! बायका सहाच होत्या. वकिलीणीला वाटलं, देवच पावला. आई घरोघर गेली, ही मागे पिशवी घेऊन. पहिलीने लगेच सही केली आणि आईचा हात धरून ठेवला बराच वेळ. दुसरीनेही केली. तिसरी म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." चौथी म्हणाली, "मुलगा बघतो माझं सगळं, तो आला की." पाचवीने सही केली, आणि संध्याकाळी तिचा नवरा येऊन स्वतःच्या पेनाने ती खोडून गेला. वर आईला म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतःच हात वर केलात ना? मग आता हे काय?"

वकिलीणीकडे शंभर उत्तरं होती, पण तिने तोंड उघडल्यावर तो म्हणाला, "भाषण छान लिहितेस हं तू," आणि गेला. पंधरा दिवस उलटले. चौथी बाई, जिचा मुलगा बघायचा सगळं, ती सोळाव्या दिवशी स्वतः चालत आली, सही करायला. आईने तिला पाणी दिलं.

मंडई पुढच्या वर्षी उभी राहिली. दिसायला अशी की बघत राहावं. पांढऱ्या फरश्या, हिरवं छप्पर, नळ. फीत कापायला अध्यक्ष आले, काका त्यांच्या शेजारी. फोटोत आई कडेला आहे, अर्धी.

चार दिवसांनी वकीलीण आईबरोबर भाजी आणायला गेली. आत शिरताच तिला आधी फक्त पाट्या, तराजू आणि डोकी दिसली. ओट्यावर रचलेल्या पाट्यांमागे बायकांची नुसती डोकी, आणि त्यांचे हात कानांच्या बाजूने वर येऊन तोलत होते. लिंबूवाली लाकडी खोक्यावर उभी होती. अंडीवाली दिसेचना. विचारलं तर म्हणाले, ती बाहेर रस्त्यावरच बसते, हात वर जात नाही ना तिचा. पालिकेची गाडी आली की उठवतात, गेली की बसते. ती पोटुशी भाजीवाली आता लेकरू पाठीला बांधून उभी होती. वर जायला नको म्हणून बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, हेही कुणीतरी सहज सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

कांदेवालीने आईला बघितलं. एरवी हाक चार गल्ल्यांपलीकडून यायची. आज ती वजनं पुसत राहिली.

"कांदे दे गं एक किलो," आई म्हणाली.

"देते." तिने हात वर ताणून तराजू धरला. "मेंबरबाई, एक विचारू? राग नका मानू. तीन आठवडे तुम्ही आमची मापं घेतलीत. उभं केलंत, बसवलंत, हात वर करायला लावलेत. आम्ही पण येड्यासारख्या हसत हसत दिली. ती मापं गेली कुठं?"

आईने पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं. "मला बोलायला जमलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"तुम्ही तर हात वर केलात म्हणे."

"केला."

वकिलीणीला वाटलं, आता छप्पर खाली यावं. ती ढकलून पुढे झाली. "मावशी, आईचं नाही चुकलं. माझं चुकलं. भाषण मी लिहिलं होतं. मापं मी शेवटी टाकली. घंटा झाली आणि ती राहिली. आईला मापंच सांगायची होती, मीच सांगू दिली नाहीत!" आयुष्यात पहिल्यांदा तिने इतकं छोटं, इतकं सरळ भाषण केलं होतं. सुरुवात नाही, सुविचार नाही. नुसता मुद्दा.

कांदेवालीच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते हसू रागापेक्षा वाईट होतं, कारण त्यात माया होती.

"बघा, लेक कशी आईची बाजू घेते!" ती इतर बायकांना म्हणाली. "असंच पाहिजे. घे बाळा, आईची बाजू घे. पण मोठ्यांच्या सभेत पोरीबाळींचे कागद चालतात होय? आम्हाला काय एवढंही कळत नाही?"

"खरंच सांगतेय मी! आई, सांग ना त्यांना!"

आईने कांद्यांसाठी पिशवी जरा उंच धरली, कारण तराजू वरून रिकामा होणार होता. लिंबूवालीने मान फिरवली. भाजीवालीने लेकराला पाठीवरून पुढे घेतलं. "पुन्हा टेप घेऊन येऊ नका एवढंच," कांदेवाली आईला म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजातही नाही. "उगाच आशा लागते."

वकिलीणीला अजून पुष्कळ बोलायचं होतं. पुरावे होते, चौथं पान जपून ठेवलेलं होतं, कारकुनाची साक्ष होती. पण ती जितकं बोलली असती तितकी ती जास्त गुणी मुलगी ठरली असती, आणि आई तितकी जास्त खोटी. हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि तिने तोंड मिटलं.

शेजारी लिंबूवालीला वरची पाटी काढायची होती. ती खोक्याच्या कडेला चवड्यांवर उभी राहिली आणि खोकं डुगडुगलं. वकीलीण ओट्याला वळसा घालून पलीकडे गेली, खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी ते खोकं घट्ट धरलं.